वैध, पण काउंटरवर नाही: नागपुरातील एका नोटा-संदर्भ ॲपचा प्रकरण अभ्यास

भारतीय नोटांची सचित्र ओळख करून देणाऱ्या एका मोबाइल ॲपमध्ये दोन हजार रुपयांच्या नोटेपुढे हिरवी खूण होती आणि खुणेशेजारी 'चलनात' असा शब्द होता. २०२४ च्या पावसाळ्यात इतवारीतील एका ठोक मसाला व्यापाऱ्याने त्या खुणेवर विसंबून जुन्या उधारीपोटी अशा पाच नोटा स्वीकारल्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरवरून त्या जशाच्या तशा परत आल्या. ॲपमधील माहिती कायद्याच्या दृष्टीने चुकीची नव्हती, बँकेनेही कोणता नियम मोडला नव्हता, तरी व्यापाऱ्याचे दहा हजार रुपये अडकले होते. हे कसे घडले, त्यानंतर ॲपची रचना कशी बदलली आणि त्या बदलातील कोणते निर्णय मला अजूनही पटलेले नाहीत, याची ही नोंद आहे. घटनेनंतर मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पुढील तपशील संबंधितांशी झालेल्या बोलण्यावरून आणि ॲपच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून दिला आहे.

ॲप आणि त्याचे वाचक

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणीने हे ॲप फावल्या वेळात लिहिले. माहितीची बाजू तिच्या मोठेबाबांनी सांभाळली. ते बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झाले असून गड्ड्या मोजण्यात आणि फाटक्या नोटांचे दावे निकाली काढण्यात त्यांची हयात गेली आहे. इंटरनेट नसतानाही ॲप उघडावे, मोबाइलमधली जागा त्याने फार खाऊ नये आणि मजकूर मराठीत असावा, एवढे दोघांनी सुरुवातीलाच ठरवले होते. प्रत्येक नोटेला एक पान, पानावर दोन्ही बाजूंची चित्रे, मिलिमीटरमध्ये आकार, रंग, सुरक्षा खुणा आणि सर्वांत शेवटी स्थिती, अशी पहिल्या आवृत्तीची मांडणी होती.

महात्मा गांधी नव्या मालिकेची पाने लवकर भरून झाली. दहाच्या चॉकलेटी नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी, पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपीचा रथ, शंभरच्या फिकट जांभळ्या नोटेवर पाटणची राणी की वाव, दोनशेच्या पिवळ्या नोटेवर सांचीचा स्तूप, पाचशेच्या राखाडी नोटेवर लाल किल्ला आणि दोन हजारांच्या किरमिजी नोटेवर मंगळयान, हे सगळे छापील माहितीपत्रकांतून मिळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या महात्मा गांधी मालिकेला मात्र वेळ लागला. तिच्यातील १०, २०, ५० आणि १०० च्या नोटा नव्या नोटांच्या बरोबरीने आजही गल्ल्यात येतात, तर त्याच मालिकेतील ५०० आणि १००० च्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ च्या घोषणेने बाद झाल्या. एकाच मालिकेतील काही पाने जिवंत आणि काही मृत आहेत, याकडे पहिल्या आवृत्तीत रचनेचा प्रश्न म्हणून कोणी पाहिलेच नाही.

ॲप करताना दोघांच्या डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक होते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना कोणत्या नोटेवर कोणते स्मारक आहे एवढेच हवे असते. संग्राहकांना मालिका, स्वाक्षरी आणि छपाईचे वर्ष हवे असते. हातात आलेली नोट घ्यायची की परत करायची, हे ठरवण्यासाठी ॲप उघडणारा तिसरा वाचक त्यांनी गृहीत धरला नव्हता. प्रत्यक्षात इतवारी, गांधीबाग आणि महालच्या दुकानांतून तोच सर्वांत आधी आला, कारण नोटेवरचा वाद मिटवायला मराठीत पाहता येईल असे दुसरे काही त्याच्या हाताशी नव्हते.

घटना

व्यापाऱ्याचे जुने गिऱ्हाईक भिवापूरकडचे किराणा दुकानदार होते. वडिलांच्या निधनानंतर घरातील पेटी उघडली तेव्हा त्यांना दोन हजारांच्या पाच नोटा सापडल्या आणि त्यांनी त्या उधारीत जमा करण्यासाठी आणल्या. एका नोटेचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता. व्यापाऱ्याच्या मुलाने ॲप उघडले, दोन हजारांच्या पानावरची हिरवी खूण दाखवली आणि पाचही नोटा जमा झाल्या. दुसऱ्या दिवशी बँकेने त्या घेण्यास नकार दिला तेव्हा व्यापाऱ्याने ॲपमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करून जे विचारले, ते तरुणीने जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: "मॅडम, तुमचं ॲप म्हणते चालते, बँकवाले म्हणते नाही चालत. आता मी कोनाचं आयकू जी?"

दोघेही खरे बोलत होते. रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले, परंतु ती वैध चलन राहील असेही त्याच निवेदनात स्पष्ट केले. बँकांच्या शाखांत नोटा भरण्याची व बदलण्याची मुदत आधी ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत होती आणि ती पुढे ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर ही सोय रिझर्व्ह बँकेच्या १९ निर्गम, म्हणजे नोटा जारी करणाऱ्या, कार्यालयांपुरती उरली. तेथे नोटा खात्यात जमा करता येतात किंवा एका वेळी २०,००० रुपयांपर्यंतच्या बदलून मिळतात, आणि दूरच्या लोकांना टपालाने नोटा पाठवून रक्कम खात्यात घेता येते.

त्या १९ कार्यालयांत नागपूरचे कार्यालय आहे, म्हणून हे प्रकरण चिघळले नाही. मोठेबाबांनी फोन हातात घेतला आणि व्यापाऱ्याला ओळखपत्र व नोटा घेऊन संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जायला सांगितले. इतवारीहून तो चौक जवळ आहे. हीच नोट गडचिरोलीच्या एखाद्या दुकानदाराने स्वीकारली असती तर त्याला नागपूरपर्यंतचा प्रवास किंवा टपाल कचेरी गाठावी लागली असती, आणि ॲपमध्ये त्याबद्दल एक अक्षरही नव्हते.

वाळवीने खाल्लेल्या नोटेमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. फाटक्या नोटेची किंमत ठरवताना तिच्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याचे क्षेत्रफळ पाहिले जाते. ५० रुपये व त्यावरील नोटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांत २०१८ च्या दुरुस्तीनंतर हा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी किंमत आणि त्याहून कमी असेल तर काहीच नाही, अशी विभागणी आहे. दोन हजारांची नोट ६६ × १६६ मिलिमीटर, म्हणजे १०९.५६ चौरस सेंटिमीटर आहे. पूर्ण किमतीसाठी ८८ आणि निम्म्या किमतीसाठी ४४ चौरस सेंटिमीटर भाग शाबूत लागतो. मोठेबाबांनी व्यापाऱ्याला फोनवरच पट्टी घ्यायला लावली. गेलेला कोपरा लहान होता, नोटेची पूर्ण किंमत मिळणार हे मापावरून दिसत होते आणि तशी ती मिळालीही. तोपर्यंत ॲपमध्ये आकाराची ओळ केवळ माहिती म्हणून होती आणि तिचा उपयोग कोणाला होईल याचा विचार झाला नव्हता. नव्या आवृत्तीत आकाराखाली त्या नोटेचे क्षेत्रफळ आणि पूर्ण व निम्म्या किमतीच्या सीमा दिल्या आहेत. संपूर्ण दुरुस्तीतील हा सर्वांत कमी खर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी बदल आहे.

एका रकान्यात न मावणारी स्थिती

पहिल्या आवृत्तीच्या माहितीसंचात प्रत्येक नोटेपुढे 'वैध: होय किंवा नाही' असा एकच रकाना होता. 'होय' असेल तर हिरवी खूण आणि 'चलनात' हा शब्द, 'नाही' असेल तर लाल खूण आणि 'बाद' हा शब्द आपोआप उमटत असे. संगणकाच्या दृष्टीने ही सरळ व्यवस्था आहे आणि नोटांच्या बाबतीत ती टिकत नाही, कारण एका नोटेबद्दल किमान चार स्वतंत्र प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नसतात. ती देणे फेडण्यासाठी कायद्याने ग्राह्य आहे का? ती अजून छापली जाते का? नेहमीच्या बँकेचे काउंटर ती घेते का? आणि ती जवळ बाळगण्यास काही आडकाठी आहे का?

दोन रुपयांची नोट घेतली तर तिची छपाई कधीच थांबली आहे, कारण तिची जागा नाण्याने घेतली, पण ती वैध आहे आणि बँक ती नाकारू शकत नाही. दोन हजारांची छपाई २०१८-१९ मध्ये थांबली, ती वैध आहे आणि शाखेचे काउंटर ती घेत नाही. २००५ पूर्वी छापलेल्या नोटांचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या मागे घेण्याचे जाहीर केले, मुदती अनेकदा वाढवल्या आणि या नोटा वैध राहतील असेही सांगितले. त्या ओळखायच्या कशा, तर नोट उलटी करून मागच्या बाजूला खाली मध्यभागी छपाईचे वर्ष आहे का ते पाहायचे, कारण २००५ पूर्वीच्या नोटांवर ते नसते. म्हणजे शंभर रुपयांची, गांधीजींचे चित्र आणि कांचनगंगा असलेली, दिसायला अगदी सारखी असलेली नोट वर्ष आहे की नाही एवढ्यावरून दोन वेगळ्या नोंदींत जाते. पहिल्या आवृत्तीत तिला एकच पान होते.

एक हजाराच्या जुन्या नोटेबाबत चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो आणि तो संग्राहकांना लागू पडतो. नोटबंदीनंतर २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने बाद झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा जवळ ठेवण्यावर मर्यादा घातली. एरवी दहापेक्षा जास्त नोटा ठेवता येत नाहीत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. तिचे उल्लंघन झाल्यास दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. नोटा जमवण्याची आवड लावणाऱ्या ॲपमध्ये ही गोष्ट नसणे मला दोन हजारांच्या हिरव्या खुणेइतकेच गंभीर वाटले, जरी त्यावरून कोणाचा फोन आला नव्हता.

एक रुपयाची नोट तर कोणत्याच साच्यात बसत नाही. ती रिझर्व्ह बँक काढत नाही. ती भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, तिच्यावर धारकाला रक्कम देण्याचे वचन नसते आणि २०११ च्या नाणे कायद्यातील व्याख्येनुसार ती चक्क नाण्यात मोडते. १९९४ मध्ये थांबलेली तिची छपाई २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. 'छपाई बंद' असा कायमचा शिक्का कोणत्याही नोटेवर मारू नये, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

तीन पर्याय

दुरुस्तीसाठी तीन मार्ग समोर होते. तरुणीने आधी पिवळ्या खुणेची तिसरी स्थिती सुचवली, कारण ती करायला एक संध्याकाळ पुरली असती. माझा तिला विरोध होता. पिवळा रंग पाहून दुकानदार काय करणार, हे त्यातून ठरत नाही, आणि २००५ पूर्वीची शंभरची नोट व दोन हजारांची नोट एकाच पिवळ्या रंगात आली तरी त्यांना जाण्याची वाट एक नाही. दुसरा मार्ग स्थितीची ओळ पूर्णपणे काढून टाकण्याचा होता. संदर्भ ॲपने सल्ला देऊ नये, असे त्यामागचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण लोक ॲप त्यासाठीच उघडत आहेत हे कळल्यावर ती ओळ काढणे म्हणजे जबाबदारी झटकणे झाले असते.

तिसरा मार्ग मोठेबाबांनी काढला आणि तो त्यांच्या काउंटरवरच्या सवयीतून आला होता. "बेटा, समोरचा माणूस नोटेची जात विचारत नाही, ती घेऊन कुठं जाऊ ते विचारतो," एवढेच ते म्हणाले. त्यानुसार स्थितीचा रकाना मोडून चार केले गेले आणि पानावर सर्वांत वर, चित्राच्याही आधी, नोट कुठे स्वीकारली जाते हे सांगणारे वाक्य आले.

हे वाक्य कसे लिहावे, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. ॲप इंटरनेटशिवाय चालते, म्हणजे माहिती मोबाइलमध्येच साठवलेली असते, आणि बरेच लोक ॲप एकदा घेतल्यावर महिनोन्‌महिने अपडेट करत नाहीत. 'ही नोट बँकेत बदलून मिळते' असे वर्तमानकाळी वाक्य २०२३ च्या ऑगस्टमध्ये खरे होते आणि ऑक्टोबरच्या मध्यात खोटे झाले, तरी जुन्या मोबाइलवर ते तसेच दिसत राहिले. म्हणून आता स्थितीचे प्रत्येक वाक्य तारखेला बांधून लिहिले जाते. दोन हजारांच्या पानावर आज असे आहे: '१९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याची घोषणा, वैधता कायम. बँकांच्या शाखांत भरण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांत किंवा टपालाने.' पुढे काही बदलले तरी या ओळीतील पहिली दोन वाक्ये खोटी ठरणार नाहीत, आणि तिसरे बदलले आहे का हे पाहण्याचा इशारा वाचकाला तारखांमुळेच मिळतो. पानाच्या तळाशी ती नोंद शेवटची कधी तपासली, याचा महिना व वर्षही दिसते.

ही रचना काही वाचकांना लांबलचक वाटली. विशेषतः परीक्षेच्या विद्यार्थ्यांना स्मारकाचे नाव शोधण्यासाठी आता बोट दोनदा खाली सरकवावे लागते. त्यांची तक्रार रास्त आहे, पण दोन वाचकांपैकी ज्याचे पैसे गुंतलेले आहेत त्याला वरची जागा मिळावी, हे मला न्याय्य वाटते.

मूल्याऐवजी मालिका

जुन्या आवृत्तीत पहिल्या पडद्यावर १, २, ५, १० असे आकडे होते आणि ५०० वर बोट ठेवले की पाचशेच्या सर्व नोटा एका रांगेत येत. पाचशेचा इतिहास पाहिला की ही रांग किती दिशाभूल करणारी आहे ते कळते. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजाराच्या नोटा बाद झाल्या. पाचशेची नोट त्यानंतर थेट १९८७ मध्ये गांधीजींच्या चित्रासह परत आली, पुढे महात्मा गांधी मालिकेत दिसली, २०१६ मध्ये बाद झाली आणि त्याच महिन्यात नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. हजाराची नोट १९५४ मध्ये पाच व दहा हजारांसह परत आली आणि जानेवारी १९७८ मध्ये तिन्ही पुन्हा रद्द झाल्या. आकड्यावरून नोट ओळखू येत नाही.

आता ॲपला दोन दारे आहेत. 'हातात आलेली नोट' या दारातून गेल्यावर रंग आणि मागच्या बाजूचे चित्र विचारले जाते आणि मगच पान उघडते. दुसरे दार इतिहासाचे आहे, आणि तेथे संग्राहक मनसोक्त रमतात. नागपूरच्या वाचकासाठी या भागात दोन पाने विशेष आहेत. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये निघालेल्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि त्यांच्यामागे सेवाग्रामचा आश्रम आहे. वर्ध्याची ही वास्तू देशाच्या नोटेवर येऊन गेली आहे हे विदर्भातल्याही फार थोड्यांना माहीत असते. तेव्हा गव्हर्नर असलेल्या एल. के. झा यांच्या काळातच नोटेवर पहिल्यांदा हिंदीतली सही आली, म्हणून संग्राहक त्या नोटांच्या दोन जाती मानतात.

दुसरे पान सी. डी. देशमुख यांचे आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९ या काळात पदावर असलेले देशमुख, त्याआधी आयसीएस अधिकारी म्हणून मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यांची सही जॉर्ज सहाव्याचे चित्र असलेल्या नोटांवर आहे. तरुणीला हे पान पहिल्या दारातही हवे होते. मी ते इतिहासातच ठेवण्याचा आग्रह धरला, कारण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तेव्हा देशमुखांची माहिती नको असते.

चित्रे, कॅमेरा आणि किंमत

नोटांची चित्रे दाखवण्यातही कायद्याचे भान ठेवावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ नुसार नोटेशी फसवणूक होईल इतपत साधर्म्य असलेला कागद करणे, वापरणे किंवा कोणाला देणे यासाठी तीनशे रुपयांपर्यंत दंड आहे. पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ४८९-ई मध्ये होती. दंडाची रक्कम किरकोळ असली तरी खबरदारी म्हणून ॲपमधील चित्रांवर 'नमुना' असा आडवा पट्टा आहे, क्रमांक पुसट केले आहेत आणि छापून काढल्यास चित्र फुटेल इतकी त्यांची प्रत मुद्दाम कमी ठेवली आहे. बारीक अक्षरे किंवा कलती केल्यावर हिरव्याची निळी दिसणारी सुरक्षा तार दाखवायची असेल तेथे नोटेचा तेवढाच तुकडा मोठा करून दिला आहे.

कॅमेऱ्याने नोट ओळखण्याची सोय अनेकांनी मागितली. ती न देण्याचा निर्णय झाला, कारण रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे ॲप १ जानेवारी २०२० पासून ते काम करते, इंटरनेटशिवाय करते आणि आवाजात मूल्य सांगते. ते अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे आणि नोट खरी की बनावट हे ते सांगत नाही. ज्या यंत्रणेने नोटा काढल्या तीच कॅमेऱ्यावरून खरेपणाचा निर्वाळा देत नसेल, तर दोघांनी फावल्या वेळात लिहिलेल्या ॲपने तो देऊ नये. व्यापाऱ्यांना ही भूमिका आवडलेली नाही.

अंध वापरकर्त्यांसाठी पानाचा मजकूर मोबाइलने वाचून दाखवावा अशा रीतीने पुन्हा लिहिला गेला, आणि येथे नोटांचे आकार आडवे आले. नव्या मालिकेतील नोटा आकाराने जवळजवळ असल्याने स्पर्शाने ओळखता येत नाहीत, अशी तक्रार घेऊन नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. शंभरच्या नोटेवर उठावदार त्रिकोण व कडेला चार रेषा, दोनशेवर एच अक्षर आणि चार रेषांमध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर वर्तुळ व पाच रेषा, दोन हजारांवर आयत व सात रेषा आहेत. पन्नास आणि त्याखालच्या नोटांवर अशी खूण नाही. दहाची नोट १२३, वीसची १२९ आणि पन्नासची १३५ मिलिमीटर लांब आहे, एवढाच आधार उरतो. वापरून मऊ झालेल्या नोटेवर उठाव बोटाला लागत नाही, हे मोठेबाबांनी आग्रहाने प्रत्येक पानावर लिहायला लावले.

जुन्या नोटांच्या बाजारभावाचा रकाना ठेवायचा का, यावर चर्चा झाली नाही म्हटले तरी चालेल. जुन्या नोटा व नाणी लाखोंना विकून देतो असे सांगून, रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून, शुल्क उकळणाऱ्यांबद्दल त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. ॲपमध्ये भाव दिसला की तो आकडा अशाच कोणाच्या तरी हाती लागणार होता.

सद्यस्थिती

व्यापारी ॲप अजूनही वापरतात. दोन हजारांची नोट मात्र ते आता घेत नाहीत. वैध चलन असलेली नोट नाकारणे कायद्याला धरून आहे का, असे तरुणीने मला विचारले तेव्हा मी रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम २६ कडे बोट दाखवले, ज्यात नोट भारतात सर्वत्र वैध चलन असल्याचे म्हटले आहे. त्याच वेळी दुकान सोडून संविधान चौकात जाऊन उभे राहण्याचा खर्च त्या कलमात कुठेही धरलेला नाही, हेही तिला सांगितले. ॲपच्या पानावर 'नाकारता येते' किंवा 'नाकारता येत नाही' असे काहीही लिहू नये, असे माझे मत आहे. ती म्हणते की दुकानदाराला नेमके तेच हवे असते. हा मुद्दा सुटलेला नाही.

स्वाक्षऱ्यांचा मुद्दा मात्र मार्गी लागला. डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या सहीच्या नोटा निघणार असल्याची निवेदने येऊ लागली. अशा प्रत्येक निवेदनात आधीच्या सर्व नोटा वैध राहतील असे लिहिलेले असते, तरी दर वेळी मोबाइलवर जुन्या नोटा बंद होण्याचे संदेश फिरतात. जुलै २०२३ मध्ये क्रमांकात ताऱ्याची खूण (*) असलेल्या नोटांबद्दलही असेच झाले होते आणि सदोष छापलेल्या नोटांऐवजी गड्डीत घातलेल्या त्या नोटा वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले होते. जुन्या रचनेत नव्या सहीसाठी नवे पान उघडले असते आणि आधीच्या पानाला कोणती खूण द्यायची हा प्रश्न पुन्हा आला असता. आता शंभर व दोनशेच्या पानांवर सही करणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढले, पानाच्या तळाशी तपासणीचा महिना बदलला, आणि तारांकित क्रमांकाबद्दलचे एक वाक्य मोठेबाबांच्या सांगण्यावरून सुरक्षा खुणांच्या आधी घेतले गेले.